अडलंय कुठे?

(दहावी १९९९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलंय. संयोजकांनी प्रेमानं छापलंय, पण ते खरं नाही. मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि २०१९ पासून पीएच.डी. करते आहे. 'करते आहे', 'झाली' नाही. आता छापलेलं खोडता येणार नाही. पण गणिताच्या बाईंचा नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे : चुकलं तर खोडरबर वापरायचा नाही, एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं. तेव्हा ज्यांच्याकडे पेन असेल त्यांनी त्या 'डॉ.'वर एक रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे, अशी.

मला सांगितलं होतं, 'तुझ्या सायबर सिक्युरिटीबद्दल काहीतरी बोल, पण सगळ्यांना कळेल असं.' मी खूप विचार केला. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे तुम्ही रोज ऐकता. म्हणून मी ठरवलं की माझ्या एका चुकीबद्दल बोलावं. ती चूक मी जानेवारी २०२३ मध्ये बंगळुरूला साठ-सत्तर लोकांसमोर उभी राहून केली. आणि त्या चुकीत आपल्या वर्गातला एक मित्र सामील आहे. तो मागच्या रांगेत बसलाय आणि आत्तापासूनच हसतोय.

आधी मी काय करते ते सांगते. तुमच्या दुकानात, सोसायटीत, शेतातल्या विहिरीवर हल्ली कॅमेरे असतात. ते इंटरनेटला जोडलेले असतात, म्हणून तुम्हाला मोबाइलवर विहीर दिसते. पण त्या कॅमेऱ्याच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो हे आपण विसरतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा एक घातकी प्रोग्रॅम पसरला. तो फार हुशार नव्हता. इंटरनेटवर कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातून येतात तशी नावं-पासवर्ड लावून बघायचा. 'अॅडमिन, अॅडमिन' वगैरे. अशा फक्त ६२ जोड्यांची त्याच्याकडे यादी होती. तेवढ्यावर एका वेळी सुमारे सहा लाख यंत्रं त्याच्या ताब्यात गेली होती. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेनं 'डिन' या अमेरिकी कंपनीवर हल्ला केला आणि तिकडे काही तास ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट नीट उघडेनात. मिराई लिहिणारे कोण निघाले? तीन तरुण पोरं. त्यांनी २०१७ च्या डिसेंबरात कोर्टात गुन्हा कबूल केला.

गंमत अशी की ज्याचा कॅमेरा या फौजेत भरती होतो त्याला काही कळत नाही. कॅमेरा दिवसा विहीर दाखवतच असतो. ताप नाही, खोकला नाही. म्हणून माझा विषय असा : कॅमेरा उघडून न बघता, फक्त त्यातून बाहेर जाणाऱ्या इंटरनेटच्या वाहतुकीवरून तो 'आजारी' आहे की 'निरोगी' हे ओळखता येईल का? डॉक्टर नाडी बघतात तसं.

यासाठी मला दोन प्रकारची वाहतूक हवी होती. आजारी यंत्रांची वाहतूक युरोपातल्या एका प्रयोगशाळेनं संशोधकांसाठी खुली ठेवलेली होती, ती मी घेतली. निरोगी कुठून आणायची? इथं आपला मित्र आला. त्याचा इथं कराडात कॅमेरे बसवण्याचा धंदा आहे, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी त्यानंच बसवलेत. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "ये की. कधी येतीस?" त्याच्या दुकानात, त्याच्या घरी आणि लेखी संमती दिलेल्या आणखी काही गिऱ्हाइकांकडे मी महिनाभर नोंदी घेतल्या. चित्रं नाहीत, फक्त पाकिटांवरचे पत्ते आणि मजकूर. इंटरनेटवर सगळी माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. आत काय आहे ते न बघता पाकिटाच्या वरचं लिहिलेलं तेवढं मी टिपत होते.

मग दोन्ही प्रकारची पाकिटं कॉम्प्युटरला दाखवली आणि सांगितलं, 'ही आजारी, ही निरोगी, फरक शीक.' प्रत्येक पाकिटाबद्दल तीसेक गोष्टी त्याला दिल्या : लांबी किती, किती वेळानं आलं, वगैरे. तो शिकला. मग बाजूला ठेवलेली, त्यानं न पाहिलेली पाकिटं दिली. उत्तर आलं, ९९ टक्क्यांच्या वर बरोबर.

त्या रात्री आमच्या घरी श्रीखंड आणलं होतं.

आता परिषदांविषयी थोडं. संशोधन करणाऱ्या मुलांना आपलं काम परिषदेत मांडावं लागतं. आमच्या विषयातल्या मोठ्या परिषदा बहुतेक परदेशात भरतात. युझेनिक्स सिक्युरिटी आहे, सॅन दिएगोला भरणारी एनडीएसएस आहे. आपल्याकडे बंगळुरूला २००९ पासून नेटवर्किंगवरची कॉमस्नेट्स भरते, तीही जानेवारीत. पूर्ण झालेलं काम मांडायचं असेल तर आठ-दहा पानी पेपर लागतो, तज्ज्ञ तो तपासतात, आणि बरेचसे पेपर परत येतात. पण बऱ्याच परिषदांत आणखी एक कोपरा असतो, फक्त पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी. तिथं झालेलं काम मांडायचं नसतं, चाललेलं मांडायचं असतं. दोन पानांचं टिपण द्यायचं, दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न, आणि मग दुपारी आपल्या पोस्टरशेजारी उभं राहायचं. येणारा-जाणारा थांबतो, विचारतो. लग्नात नवरीशेजारी करवली उभी असते ना, तसं.

मी ज्या परिषदेला गेले तिथल्या टिपणात चार भाग मागितले होते : प्रश्न काय आहे, आतापर्यंत काय झालं, पुढे काय करणार, आणि शेवटी, अडलंय कुठे?

पहिले तीन भाग मी झोकात लिहिले. चौथ्यात लिहिलं, 'विशेष अडचण नाही.'

उद्यान एक्स्प्रेसनं गेले. पोस्टरची लांब नळी वरच्या बर्थवर आडवी ठेवली होती. सोलापूरनंतर एका आजोबांनी विचारलं, "बासरी का?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी." माझं वय तेव्हा एकोणचाळीस. तिथं पोचल्यावर कळलं की माझ्याबरोबरची बाकीची मुलं पंचवीस-सत्तावीसची. काहींना वाटलं मी परीक्षक आहे. एकानं मला चहा आणून दिला.

त्यांची टिपणं मी वाचली तेव्हा जरा नवल वाटलं. त्यांचा चौथा भाग सगळ्यांत लांब होता. एकानं लिहिलं होतं, 'माझी पद्धत माझ्या प्रयोगशाळेत चालते, बाहेर चालत नाही, कारण कळत नाही.' दुसरीनं लिहिलं होतं, 'सहा महिने जे मोजत होते ते चुकीचं मोजत होते असं आता वाटतंय.' मी मनात म्हटलं, बिचारी पोरं.

मी बोलले. ९९ टक्क्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी पहिला प्रश्न विचारला, आणि तो गणिताचा होता. बाई, हे गणित तुमच्यासाठी. समजा एका शहरात १ लाख कॅमेरे आहेत आणि त्यातले १०० आजारी. माझी पद्धत शंभरातल्या ९९ वेळा बरोबर सांगते असं धरू. १०० आजाऱ्यांपैकी ९९ ती पकडेल. छान. पण निरोगी आहेत ९९,९००. त्यांच्यातल्या एक टक्क्याला, म्हणजे ९९९ जणांना, ती उगाच आजारी म्हणेल. एकूण घंटा वाजणार १,०९८ वेळा, आणि त्यात खऱ्या फक्त ९९. म्हणजे अकरा वेळा घंटा वाजली की एकदा चोर, दहा वेळा मांजर. स्टेफान अॅक्सेलसन या स्वीडनमधल्या संशोधकानं हा मुद्दा १९९९ मध्येच, म्हणजे आपण दहावीची परीक्षा देत होतो त्या वर्षी, एका परिषदेत मांडला होता. मला तो वाचून माहीत होता. माझ्या कामाला लावून बघायचं मात्र सुचलं नव्हतं.

पण हा प्रश्न मी पचवला. 'पुढे सुधारणा करू' म्हटलं. खरा प्रश्न दुपारी आला.

पोस्टरशेजारी एक मुलगी आली. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. हातात वही. दहा मिनिटं तिनं पोस्टर वाचलं, काही न बोलता. मग म्हणाली, "मॅम, तुम्ही कॉम्प्युटरला ज्या तीस गोष्टी दिल्यात, त्यात टीटीएल आहे का?"

आता टीटीएल म्हणजे काय ते सांगते, फार अवघड नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो. पाठवणारं यंत्र सुरुवातीला तो लिहितं, बहुधा ६४ किंवा १२८. वाटेत जितके राउटर लागतील तितक्या वेळा तो एकेकानं कमी होतो. शून्य झाला की पाकीट फेकून देतात. वाट चुकलेली पाकिटं जन्मभर फिरत राहू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. पण त्यामुळे आकडा बघून एवढं कळतं की पाकीट किती नाके ओलांडून आलंय.

मी म्हटलं, "हो, आहे."

ती म्हणाली, "तुमची निरोगी वाहतूक कॅमेऱ्याच्या शेजारी बसून घेतलेली आहे. आजारी वाहतूक दुसऱ्या देशात, दुसऱ्या कुणीतरी, काही राउटर ओलांडल्यावर घेतलेली असेल. मग कॉम्प्युटर आजार ओळखतोय की नाके मोजतोय?"

आणि मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "हे आधी झालंय, मॅम. २००३ मध्ये."

ते खरं होतं. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीनं १९९८ आणि १९९९ मध्ये नेटवर्कवरच्या हल्ल्यांचे नमुने तयार केले होते, जगभरच्या संशोधकांनी आपल्या पद्धती तपासाव्यात म्हणून. शेकडो लोकांनी ते वापरले. फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीएच.डी. करणारा मॅथ्यू महोनी आणि त्याचे मार्गदर्शक फिलिप चॅन यांनी २००३ मध्ये १९९९ चे नमुने नीट तपासून दाखवलं, की त्यात टीटीएलचे १२६ आणि २५३ हे आकडे फक्त हल्ल्याच्या पाकिटांवर होते, आणि साध्या पाकिटांवर बहुतेक १२७ आणि २५४. म्हणजे हल्ला काय असतो हे कळण्याची गरजच नव्हती. एका आकड्याकडे बघितलं की उत्तर मिळायचं.

मित्रांनो, नववीत सहामाहीच्या आधी मी एक उद्योग केला होता. बीजगणिताच्या वहीत पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची उत्तरं आधी लिहून घेतली आणि पायऱ्या मागून जुळवल्या. बाईंनी वही बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे, पण ते तुझं नाही." मारलं नाही, ओरडल्या नाहीत. मला ते वाक्य तीस वर्षं होत आली तरी बोचतं. माझ्या कॉम्प्युटरनं नेमकं तेच केलं होतं. त्याला मागच्या पानावरची उत्तरं सापडली होती, आणि मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊन श्रीखंड खाल्लं होतं.

रात्री गेस्ट हाउसच्या खोलीत लॅपटॉप उघडला. टीटीएलचा रकाना काढून टाकला आणि सगळं पुन्हा चालवलं. ९९ चे सत्तरीच्या आसपास आले. दोनांतून एक निवडायचं असताना सत्तर म्हणजे फारसं काही नाही.

इथपर्यंत नुसती नामुष्की होती. पण मग मला एक गोष्ट आठवली आणि पोटात गोळा आला.

डिसेंबरात आपल्या मित्रानं मला फोन केला होता. एका गिऱ्हाइकाच्या गोडाऊनवर त्यानं नवीन कॅमेरे बसवले होते. त्याला म्हणे जरा शंका होती, "तुझं ते मशिन लावून बघ की." मी नोंदी मागवल्या, लावून बघितल्या. दोन कॅमेरे आजारी निघाले. मी त्याला सांगितलं. त्यानं ते उतरवले आणि स्वतःच्या खिशातून दुसरे बसवून दिले. गिऱ्हाइकाला बिल लावलं नाही, कारण म्हणाला, "माल माझ्याकडनं गेलाय."

ते दोन कॅमेरे गोडाऊनच्या मागच्या बाजूला होते. तिथवर वायर पोचत नव्हती म्हणून मधे एक जादा राउटर टाकला होता. म्हणजे त्यांची पाकिटं एक नाका जास्त ओलांडत होती. ६४ ऐवजी ६३. माझ्या मशिनला तेवढं पुरलं.

कॅमेरे ठणठणीत होते. मधे एक राउटर जास्त होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. फोन करावा की सकाळी करावा की करूच नये, यावर मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. खोटं कशाला बोलू, 'करूच नये' हाही पर्याय मी तोलून बघितला. त्याला कधीच कळलं नसतं. शिवाय माझा एक पेपर एका जर्नलकडे गेलेला होता, त्याच ९९ टक्क्यांवर. सहा महिन्यांनी प्रगती समितीपुढे उभं राहायचं होतं. कॉलेजात बढतीच्या यादीत नाव होतं, त्याला पेपर लागत होता. पेपर तपासणाऱ्यांच्या लक्षात टीटीएल आलं असतंच असं नाही. त्या मुलीला माझं नावही नीट माहीत नव्हतं.

मी सकाळी फोन केला. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे ते कॅमेरे चांगलेच हैत?"

मी म्हटलं, "चांगले आहेत की नाहीत हे मला माहीत नाही. मी जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं, एवढं माहीत आहे."

तो म्हणाला, "बरं. मी दुकानात लावतो ते. तू सांगितलंस तरी. आमच्या धंद्यात कोण सांगत न्हाई." आणि मग विचारलं, "डोसा खाल्लास का न्हाई?"

पैसे मी त्याला दिले. त्यानं निम्मेच घेतले. बाकीच्यांबद्दल आमचं अजून भांडण आहे, ते आज जेवताना मिटवू.

पुण्याला परत येऊन मार्गदर्शक सरांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पेपर मागे घ्यायला पत्र कोण लिहितंय, तू की मी? मीच लिहिलं. पाच ओळींचं पत्र, लिहायला पूर्ण दुपार गेली. बढती त्या वर्षी झाली नाही, अजूनही नाही. कुणाला दोष नाही, यादीला पेपर लागतात आणि माझ्याकडे नव्हता. पीएच.डी. दोन वर्षं पुढे गेली. सासूबाई नातेवाइकांना सांगून थकल्या. शेवटी त्यांनी 'होईल' एवढंच म्हणायला सुरुवात केली. माझ्या मुलानं मात्र विचारलं, "आई, तू नापास झालीस का?" मी म्हटलं, "नाही, पायरी चुकली, रेघ मारून खाली पुन्हा लिहितेय."

खाली पुन्हा लिहिणं म्हणजे काय केलं ते थोडक्यात सांगते. आजारी आणि निरोगी, दोन्ही वाहतूक एकाच खोलीत, एकाच राउटरवर, त्याच कॅमेऱ्यांवर घ्यायची, हे ठरवलं. म्हणजे कॅमेऱ्यांना मुद्दाम आजारी पाडायचं. ते करायचं तर ती खोली बाहेरच्या इंटरनेटपासून पूर्ण तोडावी लागते, नाहीतर आमचाच कॅमेरा गावभर रोग पसरवायचा. कॉलेजच्या जुन्या वर्कशॉपमधली एक खोली मिळाली. तिथं आता अकरा कॅमेरे भिंतीकडे तोंड करून बसलेत. आपल्या मित्राचे ते दोन 'निर्दोष' कॅमेरेसुद्धा त्यात आहेत, त्यानं ते दान दिले. मग एकेक रकाना काढून बघायचा : हा काढला तर आकडा किती पडतो, तो का पडतो, हा खरंच आजाराचं लक्षण आहे की हेही एखादं मागचं पान? टीटीएल सापडलं म्हणून संपलं असं नसतं. मागची पानं बरीच असतात. वेळ हे एक निघालं, कारण निरोगी नोंदी मी दिवसाच घेतल्या होत्या. आजचा आकडा ९९ नाही. त्याच्यापेक्षा बराच कमी आहे. पण तो कशामुळे आला हे मी पायरी-पायरीनं सांगू शकते.

आमच्या क्षेत्रात ही सवय फार मोलाची आहे, आणि ती मोठ्या माणसांतही दिसते. २०१७ मध्ये वायफायच्या सुरक्षेतली 'क्रॅक' नावाची एक मोठी त्रुटी उघडकीला आली. तुमच्या-आमच्या बहुतेक प्रत्येक वायफाय उपकरणाला ती लागू होती. ती शोधणारा बेल्जियमचा मॅथी वॅनहोफ, नुकताच पीएच.डी. झालेला. त्याला ती कशी सापडली? आधीच्या एका पेपरची शेवटची प्रत तयार करताना त्यात स्वतःच केलेलं एक विधान तो पुन्हा तपासून बघत होता. पेपर स्वीकारला गेला होता, कुणी काही विचारलेलं नव्हतं. तरी तपासत बसला. आणि सापडल्यावर लगेच ओरडला नाही. आधी गुपचूप कंपन्यांना कळवलं, त्यांना दुरुस्तीला काही महिने दिले, ऑक्टोबरात जाहीर केलं आणि मग डॅलसच्या परिषदेत मांडलं. आमच्याकडे काय मांडायचं याच्याइतकंच कधी मांडायचं हेही शिकावं लागतं. कुलूप तुटकं आहे हे गावाला सांगण्याआधी घरमालकाला सांगायचं.

मला आता कळतं की बंगळुरूच्या त्या टिपणात चौथा भाग सगळ्यांत शेवटी असला तरी त्या कोपऱ्याचा जीव त्यातच होता. ज्या मुलांना मी 'बिचारी' म्हटलं, त्यांच्या पोस्टरभोवती दुपारभर गर्दी होती. लोक त्यांच्याशी वाद घालत होते, कागदावर आकृत्या काढून देत होते, 'आम्हालाही हे झालं होतं' म्हणत होते. माझ्या पोस्टरसमोर लोक यायचे, '९९? वा!' म्हणायचे आणि पुढे जायचे. मी 'अडचण नाही' असं लिहिलं होतं, मग कोण कशाला थांबेल? एकटी ती मुलगी थांबली. तिनं मला जे दिलं ते माझ्या कुठल्याही पेपरापेक्षा मोठं आहे. तिचा पत्ता शोधून मी नंतर आभाराचं पत्र पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'मॅम, मला विचारताना भीती वाटत होती.' मलाही शाळेत वाटायची. आता मी परिषदेला जाते तेव्हा पोस्टरांच्या हॉलमध्ये मुद्दाम सगळ्यांत चकचकीत आकडा असलेल्या पोस्टरपाशी दहा मिनिटं थांबते, आणि घाबरत का होईना, विचारते.

आता दोन कामाच्या गोष्टी, म्हणजे हे भाषण अगदीच वाया जाणार नाही.

पहिली तुमच्यासाठी. आज घरी गेल्यावर कॅमेऱ्याचा आणि राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. कंपनी नवीन अपडेट देत असेल तर ते घ्या. आणि लांबून बघायची गरजच नसेल तर कॅमेरा इंटरनेटला जोडूच नका. जमत नसेल तर मागच्या रांगेत आपला मित्र आहे. आज तो फुकट करून देईल, उद्यापासून पैसे घेईल.

दुसरी मुख्याध्यापक सरांसाठी. शाळेचं विज्ञान प्रदर्शन दरवर्षी भरतं. आपल्या वेळी ज्वालामुखी धूर सोडायचा आणि बक्षीस घेऊन जायचा. सर, एक टेबल वेगळं ठेवा. त्यावर न चाललेले प्रयोग ठेवू द्या. शेजारी एक कार्ड, त्यावर फक्त तीन ओळी : काय करायचं होतं, काय झालं, अडलंय कुठे. त्या टेबलाला बक्षीस नको. पण येणाऱ्या पाहुण्यांनी तिथं थांबून एक प्रश्न विचारायचा, एवढी अट. टेबलाचा, कार्डांचा खर्च आमची तुकडी करेल. मी कुणालाही न विचारता हे जाहीर केलंय, पण कुणी नाही म्हणणार नाही.

येत्या जानेवारीत मी पुन्हा बंगळुरूला जाते आहे. तोच विद्यार्थ्यांचा कोपरा, तीच उद्यान एक्स्प्रेस, आता वय एक्केचाळीस, आणि चहा आणून देणारी पोरं बहुधा आणखी लहान. टिपण गेल्या आठवड्यात पाठवलं. त्यात पहिले तीन भाग मिळून एक पान झालं. चौथ्या भागाला अख्खं दुसरं पान लागलं.

बाई, तुम्ही इथं आलात, ऐंशी पार केल्यावर जिना चढून आलात, त्याचा मला फार आनंद झाला. त्या टिपणाची एक प्रत मी तुमच्यासाठी आणली आहे. इंग्रजीत आहे, आणि तुम्ही म्हणाल यातलं मला काय कळतं. पण तुम्ही फक्त पायऱ्या बघा. उत्तर अजून आलेलं नाही. जेव्हा येईल, तेव्हा ते माझं असेल.